डाव्या कानातली कॅसेट

कूलर बंद पडला असं धर्मेंद्रला झोपेतच वाटलं, आणि त्याने डोळे न उघडता लाईट घालवणाऱ्या अज्ञात माणसाच्या सात पिढ्यांची मनातल्या मनात चौकशी केली. मग त्याच्या लक्षात आलं, पायांना गार वारा लागतोय. ओल्या वाळ्याचा वास येतोय. त्याने एक डोळा उघडला. कूलरचा पंखा गरगरत होता, पडदा फडफडत होता, जाळीवरून पाणी ओघळत होतं. फक्त आवाज नव्हता. हा तो लोखंडी कूलर, जो चालू असताना शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा नीट ऐकता येत नसे. तो आता मुकाट्याने वारा घालत होता, घरात आजारी माणूस असावं तसा. धर्मेंद्रने उशीवरून डोकं उचललं आणि कूलर एकदम घर्रर्र करत खोलीत परत आला. डोकं ठेवलं, कूलर गेला. उचललं, आला. डोक्याने बटण दाबायची अशी सोय कोणी करून दिली म्हणून त्याला आधी गंमतच वाटली. यावर एक चुटका होईल, असंही तेवढ्यात मनात येऊन गेलं. तो उजव्या कुशीवर होता. त्याने कूस बदलली. डावा कान उशीत गेला आणि कूलर छान, मोकळा, पोटभर वाजायला लागला. तेव्हा धर्मेंद्रला थंडी वाजली. एप्रिलमध्ये अमरावतीत माणसाला थंडी वाजली तर खरं म्हणजे पेपरात यायला हवं.

त्याने डाव्या कानाशी चुटकी वाजवली. चुटकी दिसली. त्याने कान चोळला, नाक दाबून फुगवलं, जांभई दिली, पुन्हा चुटकी वाजवली. बोटं अगदी कसलेल्या तालात एकमेकांवर आपटत होती आणि त्यातून काही म्हणजे काही निघत नव्हतं. धर्मेंद्र देवमन तायडे हा माणूस कानावर जगत होता. गाडगेनगरच्या मागे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची त्याची खोली चारही भिंतींना गोधड्या लावून बंद केलेली होती. त्या गोधड्यांच्या आत तो आणि त्याची मैत्रीण पायल मिळून वऱ्हाडी गाणी, गप्पा, सोंगं रेकॉर्ड करत आणि इंटरनेटवर टाकत. दिवसा पायल राजापेठेतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असे आणि धर्मेंद्र लग्नांच्या व्हिडिओंना आवाज जुळवून देई. दोन उन्हाळे त्यांचं कोणी ऐकलं नाही. मग मागच्या महिन्यात त्यांनी ‘बायको गेली माहेराले, कूलरमंधी पानी कोन टाकन’ हे गाणं केलं. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवायचा हा नियम. त्या दिवशी लाईट गेलेली होती, लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि कूलरचं बटण चालूच राहिलंय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. दुसऱ्या कडव्यात लाईट आली, कूलर घर्रर्र करून उठला, आणि ऐन ओळीत पायल फिसकन हसली. धर्मेंद्रने गाणं थांबवलं नाही. तेच ठेवलं. आता बडनेऱ्यापासून मोर्शीपर्यंत प्रत्येक वरातीत ते वाजत होतं, आणि लोक गाण्यापेक्षा त्या घर्रर्रची वाट पाहत. मोर्शीत एक नवरदेव घोड्यावरून खाली उतरून त्यावर नाचला. घोडाही नाचल्याचं काही लोकांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून सिद्ध केलं. म्हणजे त्याचं नशीब जे काही होतं, ते एका कूलरच्या आवाजाएवढं होतं. आणि आज सकाळी नेमका तोच आवाज अर्धा कमी झाला होता.

पुरता कमी नाही. हे सगळ्यात वाईट होतं. कानात अगदी काहीच नसतं तर त्याने सहन केलं असतं. पण तो पलंगावर हात मांडीवर ठेवून बसला तेव्हा डावीकडून, फार आतून, एक बारीक खरखर येऊ लागली. ती त्याने ओळखली. कॅसेट सुरू केल्यावर गाण्याच्या आधी जी खरखर येते, ती. टेप फिरतेय, पण अजून कोणी तोंड उघडलेलं नाही. लहानपणी अकोल्याच्या घरी तो टेपरेकॉर्डरला कान लावून त्या खरखरीत बसून राही, कारण त्यानंतर नक्की त्याच्या बापाचा आवाज येणार असे: ‘रामराम, जयभीम, सलाम आलेकुम, अन् जे कोनाचेच नाईत त्यायले बी नमस्कार! देवमन तायडे आनि पार्टी सादर करते, दोन जावई एक सायकल!’ आता डाव्या कानात तीच टेप फिरत होती आणि कोणीच येत नव्हतं. कोणी आलं तर काय करायचं, या विचाराने त्याने कानात बोट घातलं.

देवमन तायड्यांच्या कॅसेटी हा अकोल्याबाहेर फारसा कोणाला माहीत नसलेला उद्योग होता, आणि अकोल्यातही बराचसा अकोटफैल या वस्तीपुरता. देवमन कृषी विद्यापीठात माळी. भीमजयंतीच्या हंगामात त्यांची गायन पार्टी गावोगाव जाई. उरलेल्या वर्षात ते घरात विनोदी कॅसेटी भरत. खिडक्या बंद, भिंतींवर गोधड्या, पाटावर टेपरेकॉर्डर, बाजूला जाईबाई, म्हणजे धर्मेंद्रची आई, बटणावर अंगठा ठेवून. बुधाजी ढोलकीवर. आणि डोमाजी. डोमाजींचा पार्टीतला हुद्दा ‘हसणारे’ असा होता. कॅसेट ऐकणाऱ्याला कुठे हसायचं ते कळावं म्हणून देवमनने रुमाल वर केला की डोमाजी हसत, आणि असं हसत की भिंतीवरची गोधडी हले. ही सवय अंगात इतकी भिनली की एका शोकसभेत मयताच्या भावाने डोळे पुसायला रुमाल वर केला आणि मागून डोमाजी सुरू झाले. ते थांबेनात. शेवटी लोकही हसले, मयताचा भाऊही हसला, आणि ती सभा अजून त्या गावात चांगली झाली म्हणून सांगतात. कॅसेटीत कुत्री भुंकत, कुकरची शिट्टी होई, भंगारवाला ओरडे. एका कॅसेटीत तान्हा धर्मेंद्र रडतो आणि देवमन ओळ न तोडता म्हणतात, ‘ह्याले भूक लागली, डोमाजीले हसू लागलं, ज्याचं त्याचं नशीब.’ काहीही पुसायचं नाही, काहीही पुन्हा घ्यायचं नाही, हा देवमनचा कायदा होता. ‘पयल्या टेकमंधी जीव असते,’ ते म्हणत, ‘दुसऱ्यात नुसता आवाज.’ धर्मेंद्रच्या लॅपटॉपवर एक ओळ शंभर वेळा घेता आली असती. तो एकदाच घेई. हात दुसऱ्यांदा बटणाकडे जातच नसे. विस्तवाकडे जात नाही तसा.

दुपारी त्याने पायलला फोन लावला, उजव्या कानाला.

“डाव्यानं आयकू नाई येऊन राहिलं,” तो म्हणाला. “सकाळपासून.”

“कायच्यानं?”

“कानानं.”

पायल हसली नाही. इतक्या ओळखीत ती पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यावर हसली नव्हती, आणि धर्मेंद्रला कानापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. “धरम, आयक,” ती म्हणाली, “आजच्या आज कानाच्या डॉक्टरकडे जा. असा अचानक गेलेला कान लवकर दवा भेटली तं परत येते. नाई तं नाई येत. आमच्या काउंटरवर लोकं येतेत ना, महिना घरी तेल टाकून टाकून येतेत. मंग डॉक्टर बी काय करन? मी येऊ का सोबत?”

“नको. मी लहान हाय का?”

“लहान असता तं ओढत नेला असता,” पायल म्हणाली.

राजकमल चौकातून जाताना त्याला कळलं की डाव्या बाजूने आता बातम्या यायच्या बंद झाल्यात. ऑटो, स्कूटी, बस, सगळं तिकडून एकदम प्रकट होत होतं, जादूगाराने रुमाल काढावा तसं. आधी काही नाही आणि मग अंगाशी बस. कोणीतरी “ओ भाऊ” म्हणालं, तो उजवीकडे वळला, तिथे रसवंतीचं चाक फिरत होतं. हाक भलतीकडून आली होती. आवाज कुठून येतो हे कळायला दोन कान लागतात, हे त्याला इतकी वर्षं माहीत असण्याचं कारण नव्हतं. आता सगळे आवाज उजव्या बाजूच्या एका दाराशी गर्दी करून उभे होते. या भीतीला तोंड नव्हतं, ही तिची अडचण होती. कुत्रं मागे लागलं तर कुत्रं दिसतं. इथे काहीतरी नव्हतं, आणि ते नसणं त्याच्याबरोबर खांद्याला खांदा लावून चालत होतं. एवढं नशीब एका माणसाला कसं काय मिळतं, असं तो मागच्याच आठवड्यात पायलला म्हणाला होता. उगाच बोललो, असं त्याला वाटलं. अकोल्यात नळ यायचे तेव्हा आई सांगे, भांडं भरलं की बोंबलू नको, शेजारचे मोटार लावतील. नशिबाचंही तसंच असावं. त्याचं भांडं भरल्याचं वाऱ्याने कोणाला तरी कळवलं होतं.

दवाखान्यात तपासणीची एक काचेची खोली होती, आणि ती पाहून धर्मेंद्रला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं, कारण तिच्या भिंतींना आतून मऊ जाड अस्तर होतं. गोधड्याच त्या, फक्त शिकलेल्या. आतल्या मुलीने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं, “बारीकही आवाज आला तर दाबायचं,” म्हणाली, आणि काचेपलीकडे मशीनसमोर बसली. उजवा कान झाला. टूं, दाबलं. अगदी बारीक टूं, दाबलं. मग तिने डावा लावला असावा. लावला असावा हे त्याला कळलं, कारण तिचं कोपर हललं. काचेतून तिची पाठ आणि उजवं कोपर एवढंच दिसत होतं, आणि बटण दाबताना ते कोपर जरासं बाहेर यायचं. आत खरखर. कोपर हललं. खरखर. पुन्हा हललं. आणि धर्मेंद्रच्या अंगठ्याने बटण दाबलं.

त्याने दाबलं नव्हतं, अंगठ्याने दाबलं. एवढाच त्याच्याकडे नंतर स्वतःला द्यायला एक जबाब होता. रुमाल वर झाला की हसायचं, ढोलकीची थाप पडली की ओळ उचलायची, समोरून खूण आली आणि आपण गप्प बसलो असं त्यांच्या घरात कधी कोणाकडून झालेलं नव्हतं. खूण आली, अंगठा गेला. पुढचीही आली. कोपराला एक ठेका होता, बऱ्यापैकी सरळ, मधे मधे ती मुलगी फोनकडे बघे तेव्हा अर्धी मात्रा लांबत होती. त्याने तीही पकडली. त्याने दोन-तीन जागा मुद्दाम सोडल्यासुद्धा, म्हणजे खरं वाटावं. काचेच्या खोलीत, डोक्यावर हेडफोन घालून, तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चोख ताल सांभाळत होता, आणि त्याच वेळी थांबायचं कसं हे त्याला भीतीने सुचत नव्हतं. चूक होतेय हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण मधेच “थांबा, पुन्हा घ्या” म्हणायला जे काही लागतं ते त्याच्याकडे जन्मापासून नव्हतं.

“रिपोर्ट तर ठीक आहे,” डॉक्टर कागदावरच्या रेघेकडे बघत म्हणाले. “डावा किंचित कमी. मळ असेल, सर्दी असेल. थेंब देतो. फरक पडला नाही तर या.” बाहेर माणसं भिंतीला टेकून उभी होती. धर्मेंद्रने मान हलवली आणि थेंब घेऊन बाहेर आला. परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या पोराला वाटतं तसं त्याला क्षणभर वाटलं, चक्क हलकं. मग पायरी उतरताना त्याला उमगलं की या परीक्षेत नापास होणाऱ्यालाच औषध होतं.

“काय म्हने डॉक्टर?” पायलने फोनवर विचारलं.

“नॉर्मल.”

“म्हणजे आयकू येते?”

“रिपोर्टमंधी येते.”

पलीकडे दुकानातलं कोणीतरी खोकल्याची गोळी मागत होतं. “कान तुले हाय का रिपोर्टले?” पायल म्हणाली. “तू काहीतरी केलं. मले मालूम हाय तू काहीतरी केलं. परत जा अन् परत करून घे.”

“पयला झाला तोच झाला,” धर्मेंद्र म्हणाला, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून त्याने फोन कानापासून दूर धरला. तो बापाच्या आवाजात बोलला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला अकोल्याला जायचंच होतं. कूलरच्या गाण्याने देवमनच्या अंगात पुन्हा वारं भरलं होतं. जुनी मंडळी जमवून, त्याच खोलीत, मुलाच्या मशीनवर ‘दोन जावई एक सायकल’ नव्याने भरायचं त्यांनी ठरवलं होतं. बडनेऱ्याहून गाडी सुटली. खिडकीबाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं उन्हात तापत होती. धर्मेंद्रने डावी बाजू भिंतीला लावून जागा धरली, म्हणजे तिकडून कोणी येणार नाही. तरी ती भिंत त्याला सारखी वळून बघावीशी वाटे. मूर्तिजापूरला चहावाला चढला आणि थेट नाकासमोर उगवला. धर्मेंद्र एवढा दचकला की चहावाल्यानेच त्याला सॉरी म्हटलं. खरखर चालू होती. तिच्यात आता लय येऊ लागली होती, किंवा तो शोधत होता. टेप कुठवर आली असेल? एक बाजू संपल्यावर आपोआप खटकन थांबेल का? थांबली तर बरं की वाईट? त्याने मनातल्या मनात तिच्यावर काहीतरी भरायचा प्रयत्न केला, एक चुटका, एक सोंग. तो शब्द जुळवी आणि ते खरखरीत विरघळून जात, खारे दाणे ओल्या हातात विरघळतात तसे. म्हणजे दाणे विरघळत नाहीत हे त्याला माहीत होतं. पण काल सकाळपर्यंत त्याला बऱ्याच गोष्टी माहीत होत्या.

अकोल्याच्या घरी पोचला तेव्हा खोली तयार होती. गोधड्या टांगलेल्या, खिडक्या बंद, आणि त्या आत पंखा बंद करून बसलेले चार म्हातारे भट्टीत विटा लावाव्यात तसे लालबुंद. देवमनने केसांना ताजा कलप लावला होता आणि तो घामाबरोबर कानशिलावरून खाली यायच्या बेतात होता.

“आला का अमरावतीचा साहेब!” डोमाजी म्हणाले. “कूलरवर नाव कमावलं अन् आमाले बिनकूलरचं बसोलं.”

“डोमाजी, तुमी नुसते हसा,” देवमन म्हणाले. “बोलाचं काम तुमचं नाई.”

“तुही सायकल तं पंक्चर झाली असन आता इतक्या वर्षानं.”

“म्हनून तं दोन जावई ठेवले. एक ढकलते.”

धर्मेंद्रने माइक लावले, एक देवमन आणि पेटीवाल्या म्हाताऱ्यापाशी, एक ढोलकीपाशी. हेडफोन घातला. बुधाजींनी थाप मारली आणि त्याला ती आली नाही. हेडफोनमध्ये ढोलकी डाव्या कानाला होती. त्याने डावा आवाज वाढवला. आली नाही. आणखी वाढवला. सगळे त्याच्याकडे बघत होते, चेहऱ्यांवर लग्नाच्या फोटोत असतो तसा भाव. स्क्रीनवर रेघा उड्या मारत होत्या, म्हणजे आवाज होता, सगळ्या जगाला होता. त्याने बटण दाबलं. देवमनने रुमाल खांद्यावर टाकला, घसा न खाकरता सुरुवात केली, आणि तो आवाज जुनाच होता, कॅसेटीतलाच. उजव्या कानात तो ऐकताना धर्मेंद्रचे डोळे भरून आले. डावीकडे टेप फिरत होती, कोरी.

झाल्यावर त्याने सगळ्यांना ऐकवलं. ढोलकी अशी कोसळली की बुधाजी स्वतःच मागे सरकले. तिच्या खाली कुठेतरी देवमन तायडे, पेटी आणि दोन जावई दबून मेले होते.

“हे काय बे,” डोमाजी म्हणाले, “ढोलकी माह्या छातीवर येऊन बसली.”

“मी तं नेहमीसारखंच वाजोलं,” बुधाजी हात बघत म्हणाले.

 देवमनने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग मशीनकडे, आणि रुमालाने कानशिलावरचा काळा घाम पुसला. रुमाल वर गेला. डोमाजी हसले नाहीत. “असू दे,” देवमन म्हणाले. “पयला टेक हाय. हेच आपलं नशीब. ठेव.”

धर्मेंद्र उठून मागच्या मोरीत तोंड धुवायला गेला. पाणी तोंडावर मारत राहिला. इथून पुढे बरोबर काय आणि चूक काय हे त्याला ऐकून कळणार नव्हतं. कोणाच्या तरी चेहऱ्यावर वाचावं लागणार होतं. प्रत्येक गाण्यानंतर तो असाच चेहरे बघत बसणार होता, चोरासारखा.  तो मोरीच्या कट्ट्यावर बसला. थोड्या वेळाने त्याला उजव्या बाजूला आईचं लुगडं दिसलं.

“डाव्या बाजूनं तीनदा हाक मारली तुले,” जाईबाई म्हणाल्या. “तिकडून आयकू नाई येत. कवापासून?”

“काल.”

“डॉक्टर?”

त्याने सांगितलं. कोपराचंही सांगितलं. आई हसेल असं त्याला वाटलं, निदान मारेल तरी. जाईबाई पदराने त्याचा चेहरा पुसत राहिल्या, लहानपणी पुसायच्या तसा, नाक जरा जास्तच दाबून.

“मंग उद्या पुन्हा कर. अकोल्यात का डॉक्टर नाईत?”

“मा, पयल्यांदा जे झालं...”

“पयल्यांदा!” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुह्या बापाची एकबी कॅसेट पयल्या टेकची नाई. एकबी. पयल्या वेळेस भेवानं त्याचा आवाज असा थरथरे, का आयकनाराले थंडी वाजाव. मी बटनच नव्हती दाबत. झालं का मी म्हनो, आगं माय, दबलंच नाई, पुन्हा घ्या. बुधाजी म्हने, वहिनीचा अंगठा कच्चा. डोमाजी म्हने, वहिनी, आमचं हसू फुकट घालोलं तुमी. मी आयकून घेओ. दोनदा, तीनदा. भेव मोडलं, आवाज बसला, का मंग दाबो. तुहा बाप समजे, टेपवर आला तो पयला.”

आत देवमन कोणाला तरी पहिल्या टेकचं महत्त्व समजावून सांगत होते. धर्मेंद्र आईच्या अंगठ्याकडे बघत राहिला. नखाशी कांद्याचा डाग होता. एवढा मोठा कायदा, ज्याच्या धाकात तो वाढला, त्याच्या आत हा अंगठा बसलेला होता, काही न करता.

“त्यायले कधी सांगतलं नाई?”

“काहून सांगू? मरतपर्यंत त्याले पयल्या टेकचाच राहू दे. तुले सांगून राहिली. तुहं तं बटन दबून गेलं, भेव असतानाच.”

“अन् पुन्हा केल्यावर खरंच बह्यरा निघालो तं?”

“तं निघशीन,” जाईबाई म्हणाल्या. त्यांचा हात मात्र त्याच्या डाव्या कानावर होता. “आता हाय तेच निघन ना. नवीन काय येनार हाय?”

सकाळी त्या त्याच्यासोबत आल्या, घरी बाजाराचं नाव सांगून. वाटेत त्याने पायलला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “डोये मिटून घेजो, गाढवा.” टॉवर चौकाजवळच्या दवाखान्यातली खोली लहान होती, अस्तर एका कोपऱ्यात उसवलेलं. मशीनवर जाड चष्म्याचे एक गृहस्थ होते. त्यांचे दोन्ही हात काचेतून स्वच्छ दिसत होते. धर्मेंद्रने हेडफोन चढवला, बटण हातात घेतलं आणि डोळे मिटले.

उजवा झाला. मग एक शांतता पडली आणि तिच्या पलीकडून खरखर पुढे आली. आता, असं त्याला वाटलं. अंगठा उठला. त्याने तो धरला, दुसऱ्या हाताने, नुसता धरून ठेवला. आता. आता नक्की. ठेका त्याच्या पोटात चालूच होता, कोणी थाप मारो न मारो. इतकी वर्षं तो खुणेवर उठत आला होता आणि आता खुणा अंधारात कुठेतरी पडत असतील, एकामागून एक, आणि तो उठत नव्हता. कदाचित त्या गृहस्थांनी अजून सुरूच केलं नसेल. चष्मा पुसत असतील. हा विचार त्याने घट्ट पकडला. त्यात बरं वाटत होतं. डोळे उघडून एकदा बघावं, फक्त सुरू झालंय का एवढंच. पापण्या दुखायला लागल्या. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरला. छातीतली धडधड एकाच बाजूने ऐकू येत होती. त्याने इतका कान दिला, इतका कान दिला, की उशीवरचं डोकं, कूलर, बाप, वरातीतला घोडा, सगळं थांबून त्याच्याबरोबर ऐकत उभं राहिलं आहे असं त्याला वाटलं. बटण बोटांत ओलं झालं होतं. तो बसून राहिला.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो किंचाळलाच. दार उघडं होतं. जाड चष्म्याचे गृहस्थ वाकून त्याच्याकडे बघत होते, हेडफोन त्यांनीच काढला होता.

“दादा,” धर्मेंद्रने विचारलं, “सुरू केलं का तुमी?”

“कवाचं वाजून राहिलं, भाऊ,” ते हळू आवाजात म्हणाले. “लय मोठं केलं होतं मी.”

दारात आई उभी होती. धर्मेंद्रने बटण गृहस्थांच्या हातात दिलं. 

“मंग तसंच लिवा,” तो म्हणाला. “अन् लवकर लिवा.”